साल नसलेलं पान आणि साल मागणारा अर्ज

अनुवादक, मुद्रक, वर्ष. हे तीन रकाने भरल्याशिवाय संग्रहातलं जुनं छापील पान पाहण्याचा अर्ज पुढे सरकत नाही. मला बघायचं होतं जर्मन चित्रकार क्रानाखच्या कार्यशाळेतल्या वुडकटचं (लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेल्या चित्राचं) एक सुटं पान, बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, १७वा अध्याय. ही चित्रं ज्यात छापली तो, धर्मसुधारक ल्यूथरने अनुवादलेला जर्मन नवा करार (बायबलचा उत्तरार्ध) सप्टेंबर १५२२मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला निघाला, पण त्यावर ना ल्यूथरचं नाव, ना मुद्रक लोटरचं, ना साल. जे छापलंच नाही ते रकान्यात कुठून आणायचं? ‘अज्ञात’ लिहिलं की अर्ज परत. दोनदा आला.

तोड साधी आहे, ती कोणी सांगत नाही. अंदाजाने ठरवलेली माहिती चौकटी कंसात लिहायची: [१५२२], [लोटर]. सूचीकारांची हीच रीत आहे, त्यामुळे कंस पाहून पुढचा माणूस अडवत नाही. मात्र सालाने आवृत्ती ठरत नाही, कारण डिसेंबरची सुधारित आवृत्तीही १५२२चीच. म्हणून शेऱ्यात अध्याय आणि मुकुट, दोन्ही लिहा.

मुकुट अशासाठी: या अध्यायातल्या पशूवर बसलेल्या मोठ्या बाबेलच्या, म्हणजे पापी नगरीचं रूप असलेल्या कलावंतिणीच्या, डोक्यावर सप्टेंबरच्या आवृत्तीत पोपचा तिहेरी मुकुट आहे. ही चित्रं जर्मन चित्रकार ड्यूररच्या १४९८च्या मालिकेवर बेतलेली, पण ड्यूररकडे पोपचा मुकुट नाही. पोपला मारलेला हा टोमणा विटेनबर्गचा. नोव्हेंबरात सॅक्सनीच्या ड्यूक जॉर्जने पुस्तकावर बंदी घातली. डिसेंबरच्या आवृत्तीत त्याच ठोकळ्यावरचे मुकुटाचे वरचे थर तासलेले दिसतात. उरतो एक कडा आणि वर विचित्र मोकळी जागा. आधी नजर तिथेच टाका.

वुडकटमध्ये कापणं सोपं, भर घालणं अवघड. त्यासाठी लाकडाचा तुकडा बसवावा लागतो. त्यामुळे तिहेरी मुकुट दिसला तरी तो शाईने मागाहून काढलेला नाही ना, हे तपासा. दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरला की छापलेल्या रेषेचा दाब कागदात उठून दिसतो. लेखणीच्या रेषेला तसा दाब नसतो. रंगवलेल्या पानावर तर हे हमखास करा.

१५३४च्या संपूर्ण बायबलात तिहेरी मुकुट परतला, पण ते ठोकळे निराळे, ‘एम. एस.’ सहीच्या कलाकाराचे. त्यांच्याशी गल्लत नको.

मोजमाप कागदाचं नको, चित्राच्या बाहेरच्या चौकटरेषेचं घ्या. कडा बांधणीत छाटल्या जातात. आणि पेन बाहेरच ठेवा, आत फक्त पेन्सिल चालते.