तिबेरियाच्या काठावरची न्याहारी

यरुशलेममध्ये सियोन टेकडीच्या उतारावर 'गालिकांतू' नावाचं चर्च आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कोंबड्याचं आरवणं. छतावर सोनेरी कोंबडा आहे. येशूला पकडलं त्या रात्री, कोंबडा आरवण्याआधी, "मी त्याला ओळखत नाही" असं त्याचा शिष्य पेत्र तीनदा म्हणाला ते इथेच, अशी श्रद्धा. आमचा वसईचा गट आत गेला. मी मात्र बाहेरच्या जुन्या दगडी पायऱ्यांशीच थांबलो. पाय उचलेना.

कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आमच्या धर्मग्रामातल्या मंडळाचा खजिनदार होतो. दुकान बुडत होतं, घेणेकरी दारात होते. मंडळाचे साठ हजार मी उचलले, महिन्याभरात भरीन म्हणून. भरले गेले नाहीत. हिशेबाच्या सभेत सगळं उघड झालं. पुढे दोन वर्षांत पै न पै फेडली, कुमसार केला, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली दिली, माफीही मागितली. पण त्यानंतर मिस्सात, चर्चमधल्या उपासनेत, दानाची थाळी फिरवायलासुद्धा मला कुणी सांगितलं नाही. ते सगळ्यांत जास्त लागलं. मी स्वतःला त्याच एका नावाने ओळखू लागलो: पैसे खाल्लेला माणूस.

दोन दिवसांनी गालील. समुद्र म्हणतात, पण आहे गोड्या पाण्याचं तळं. जेमतेम एकवीस किलोमीटर लांब, आणि समुद्रसपाटीपासून दोनशेहून अधिक मीटर खाली. योहान आपल्या शुभवर्तमानात त्याला तिबेरियाचा समुद्र म्हणतो. काठावर ताबघा नावाची जागा. मूळ ग्रीक नावाचा अर्थ सात झरे. तिथे फ्रान्सिस्कन संघाच्या संन्याशांनी १९३३ साली काळ्या बेसॉल्टचं छोटंसं चर्च बांधलं. आत वेदीपुढे जमिनीतूनच वर आलेला एक खडक आहे. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना "या, न्याहारी करा" म्हणून बोलावलं ते ह्या खडकापाशी, असं मानतात. मी खडकावर तळहात ठेवला. गार होता, आणि इतक्या हातांनी गुळगुळीत झालेला.

बाहेर पाण्याशी बसून फादरांनी योहानाचा एकविसावा अध्याय वाचला. कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. आमच्या घरी आजी निखाऱ्यांवर सुके बोंबील भाजायची, तो वास एकदम नाकात आला. मग फादर म्हणाले, "कोळशाच्या विस्तवासाठी इथे जो ग्रीक शब्द आहे, तो नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. इथे, आणि प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे पेत्र शेकत उभा राहून नाकारत होता."

मी हा अध्याय लहानपणापासून ऐकलाय. तीनदा नाकारलं म्हणून तीनदा 'माझ्यावर प्रीती करतोस काय' हा प्रश्न, एवढं पाठ होतं. हे कधी लक्षातच आलं नव्हतं. ज्या वासाशी पेत्राची सगळी लाज जोडलेली होती, त्याच वासाजवळ प्रभूने त्याला बसवलं. आधी जेवू घातलं, मग विचारलं. हाकही 'पेत्र' अशी नाही मारली. "योहानाच्या पुत्रा शिमोना." हा योहान म्हणजे त्याचा बाप. म्हणजे आईबापाने ठेवलेलं नाव, 'पेत्र' म्हणजे खडक होण्याच्या आधीचं, पडण्याच्याही आधीचं. 'का केलंस' असं एकदाही विचारलं नाही. हिशेब मागितला नाही. "माझी मेंढरे चार" म्हणून उलट आपलीच माणसं त्याच्या हवाली केली.

मी पाण्याकडे तोंड करून बराच वेळ रडलो. गटातल्या एका मावशींनी पाण्याची बाटली पुढे केली, विचारलं काही नाही.

बस निघाली. फादर माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांना माझं सगळं ठाऊक होतं. त्यांनी जाड पाकीट माझ्या हातात दिलं. ड्रायव्हर आणि गाइडसाठी चाळीस जणांकडून जमवलेली बक्षिसी होती.

"मोजून दोन वाटे कर," ते म्हणाले, आणि डोळे मिटून मागे टेकले.

मी नोटा मांडीवर लावल्या. पाचच्या वेगळ्या, दहाच्या वेगळ्या. दोनदा मोजल्या. बरोबर होत्या.