साखळ्या जुळायला हव्यात, तर आधी पाणी बघा

पाण्यात सोडलेले पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे बारीक गोलक एसी (दिशा सतत उलटणाऱ्या) विद्युतक्षेत्रात काही सेकंदांत रांगा, म्हणजेच साखळ्या, धरतात. क्षेत्रात प्रत्येक गोलक द्विध्रुव बनतो, म्हणजे त्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण भार येतो. क्षेत्राच्या दिशेने एकामागे एक आलेले एकमेकांना ओढतात, शेजारी-शेजारी आलेले ढकलतात. एमएस्सीच्या प्रकल्पाला यासारखा विषय नाही. फंक्शन जनरेटर (हव्या त्या वारंवारितेचा एसी व्होल्टेज देणारं उपकरण) आणि सूक्ष्मदर्शकाचं ४० एक्सचं भिंग बहुतेक प्रयोगशाळांत असतंच.

गोलक ३ मायक्रॉन व्यासाचे घ्या. ओढ कणाच्या आकारमानाच्या आणि क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १ मायक्रॉनचे घेतले तर तेवढीच ओढ मिळायला क्षेत्र पाचपट लागतं आणि जनरेटर तिथे अपुरा पडतो. स्लाइडवर इलेक्ट्रोड म्हणून तांब्याच्या टेपच्या दोन पट्ट्या अर्धा मिलिमीटर अंतर ठेवून समांतर लावा, वर कव्हरस्लिप ठेवा. टेपच्या जाडीमुळे आपोआप पोकळी राहते. नमुना भरून कडा नेलपॉलिशने बंद करा. बारीकशी फट राहिली तरी एअर कंडिशनरच्या झोतात पाणी उडतं आणि सगळे कण एका बाजूला वाहत जातात.

जनरेटर पट्ट्यांना जोडून १० किलोहर्ट्झ, २० व्होल्ट पीक-टू-पीकवर ठेवा. डीसी ऑफसेट (एसीत मिसळलेला स्थिर व्होल्टेज) शून्य आहे ना, ते मल्टिमीटरने तपासाच. ऑफसेट राहिला की बुडबुडे येतात आणि तांबं विरघळू लागतं. वारंवारिता फार खाली नेली की इलेक्ट्रोडजवळ पाणीच घुसळायला लागतं, आणि रांगा मोडतात.

पण खरी गोम पाण्यात आहे. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं. ते प्यायला चांगलं, या कामाला नाही. क्षारांमुळे गोलकांना एकमेकांपासून दूर ठेवणारं विद्युत-प्रतिकर्षण आखूड पडतं, जवळ आलेले कायमचे चिकटण्याचा धोका वाढतो. डीआयोनाइज्ड (क्षारांचे आयन काढलेलं) पाणीच घ्या, आणि ताजं. उघड्या बाटलीत ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि वाहकता साधारण १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरपर्यंत चढते, तेवढी चालते. गॅरेजवर मिळणारं बॅटरीचं पाणी मात्र मीटरने वाहकता मोजल्याशिवाय वापरू नका.

विकतच्या गोलकांच्या बाटलीतही साबणासारखी द्रव्यं आणि क्षार असतात. सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाच्या ५०० पट बलाला पाच मिनिटं फिरवा, वरचं पाणी काढा, नवं घाला, हलवा, असं तीनदा. शेवटी ०.२ टक्क्यांच्या आसपास पातळ करा. दाट केलंत तर रांगांऐवजी गिचमिड होते.

पारख एकच: क्षेत्र बंद करा. मिनिटभरात रांगा सुटून गोलक पुन्हा थरथरत विखुरले, तर धुणं नीट झालंय. जोड्या तशाच राहिल्या, तर पुन्हा धुवा.

क्षार टाळता येणारच नसतील, म्हणजे बफरमधले (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षार-द्रावणातले) नमुने असतील, तर चुंबकीय मार्ग धरा. सुपरपॅरामॅग्नेटिक मणी (चुंबकीय क्षेत्र असेपर्यंतच चुंबक बनणारे) घ्या, क्षेत्र काही मिलिटेस्ला पुरतं. एकच निओडिमियम चुंबक जवळ आणलात तर सगळे मणी त्याच्याकडेच ओढले जातील. म्हणून स्लाइडच्या दोन बाजूंना सारखे दोन चुंबक, विरुद्ध ध्रुव समोरासमोर ठेवून, समान अंतरावर बसवा.