नागपूरची दिवेलागण

पुण्याच्या सवयीने सहा वाजता नागपूर स्टेशनसमोर ट्रायपॉड उभा केला, तर आभाळ काळं पडलेलं. डिसेंबरचा मधला आठवडा. आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, इथे साडेपाचनंतर लगेच. नागपूर पुण्याच्या पाच अंश पूर्वेला, म्हणजे वीस मिनिटं तिथेच गेली. शिवाय जास्त उत्तरेला असल्याने हिवाळ्यातला दिवस आणखी आखडतो. मावळल्यावर सूर्य क्षितिजाखाली सहा अंश उतरायला इथे चोवीसेक मिनिटं घेतो. मला हवी असलेली निळाई त्यातल्या शेवटच्या दहाएक मिनिटांची. ती हुकली. फार हळहळलो.

दुसऱ्या दिवशी पाचलाच दीक्षाभूमी गाठली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली ती ही भूमी. आधी चपला काढून आत जाऊन आलो, मग बाहेर रस्त्याकडेला जागा धरली. वास्तुविशारद शिवदानमल यांनी रचलेला हा स्तूप २००१ मध्ये खुला झाला. घुमटाचा व्यास १२० फूट. पूर्ण मावावा म्हणून मागे मागे सरकत राहिलो.

सूर्य गेला आणि पांढरा घुमट आधी पिवळसर, मग राखी, मग जांभळट झाला. घाई करून चार फ्रेम घेतल्या, सगळ्या निर्जीव. शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, "थांबा न भाऊ, लाईट लागूनच राहिले आता."

लागले. आभाळ आणि दिवे यांचा उजेड सारखा झाला तेव्हा घुमट जणू आतून उजळला. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, १००; भिंगाचं छिद्र एफ/८. शटर उघडं राहण्याचा वेळ अर्ध्या सेकंदापासून वाढवत आठ सेकंदांपर्यंत नेला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने कुठला उजेड पांढरा धरायचा ते, मात्र ४००० केल्विनवर बांधून ठेवला. ऑटोवर सोडला की कॅमेरा ती निळाई दुरुस्त करायला जातो, आणि आपण आलो असतो तिच्यासाठीच.

अधिवेशनाचे दिवस, म्हणून विधान भवनाकडे गेलोच नाही. तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा स्टेशन.

१५ जानेवारी १९२५ रोजी उघडलेली ही इमारत सावनेरच्या वालुकाश्माची. दर्शनी बाजू पश्चिमेला, त्यामुळे तिचा फोटो घेताना आपण पूर्वेकडे पाहत असतो. आणि संध्याकाळी आभाळ आधी पूर्वेलाच गडद होतं. पाठीमागे निळं दाटत होतं, तरी पश्चिमेचा उरलासुरला उजेड दगडावर होता. दिव्यांखाली तोच दगड मधासारखा झाला. दीक्षाभूमीच्या घुमटाने आभाळाचा रंग घेतला होता, या दगडाने दिव्यांचा घेतला. माझ्या मते नागपुरात संध्याकाळी कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने या दोन्ही जागा पाहाव्यात, वेगवेगळ्या दिवशी.

पाच बावन्नला शेवटची फ्रेम घेतली, चार सेकंदांची. त्यात समोरून गेलेल्या ऑटोच्या दिव्याची एक लाल रेघ उमटली आहे. ती मी तशीच ठेवली.