भांगाची भरती आणि एक अक्षर

देवगड. माघ शुद्ध अष्टमी, रात्र.

आज भांग, अष्टमीची मवाळ भरती-ओहोटी. खाडी ना धड चढली, ना धड सुकली. कालवं काढायला जाण्यात अर्थ नाही, म्हणून बाबा दिवसभर घरीच. दर तासाला पडवीत डोकावून, "झाला काय रे?"

नाही झालं. भरतीच्या वेळा काढणारा तो जुना ओपन सोर्स सी प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर कित्येक वर्षं बिनबोभाट चालतोय. पडवीतल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर टाकला, तर कसलीही चूक न दाखवता नुसता फिरत बसला. फाइल वाचून संपली तरी याला संपल्याचं कळतच नव्हतं.

जेवून उठल्यावर दिसलं. एकेक अक्षर वाचणाऱ्या getchar चं उत्तर मूळ लेखकाने कॅरेक्टरमध्ये, म्हणजे एका बाइटच्या डब्यात, ठेवलंय. फाइल संपली की उणे एक मिळतो. इंटेल प्रोसेसरच्या लिनक्सवर कॅरेक्टरला उणे आकडे चालतात. एआरएमच्या, म्हणजे पायच्या प्रोसेसरच्या, लिनक्सवर चालत नाहीत, तिथे त्याच उणे एकचे २५५ होतात आणि तुलना कधीच जुळत नाही. सी भाषेचं प्रमाण दोन्हींना मुभा देतं. म्हणजे चूक पायची नाही, कोडचीच, आणि ती माझ्या लॅपटॉपवरही होतीच. २५५ हा बाइट यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत येत नाही, म्हणून फक्त उघडी पडली नव्हती. पॅच किती? कॅरेक्टरच्या जागी इंट, म्हणजे मोठा पूर्णांक. एवढ्यासाठी अख्खी दुपार!

मग बाकीच्या सिस्टिम. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवरची अडचण साधी होती. error हे चूक सांगणारं फंक्शन ग्नू प्रकल्पाचं, तिथे नाहीच. त्याऐवजी बीएसडीचं err घातलं, ते लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीतही आहे. जिथे एकच ओळ सगळीकडे चालते तिथे मी इफडेफ, म्हणजे सिस्टिमगणिक वेगळ्या ओळी, घालत नाही. इफडेफचं रान एकदा माजलं की करवंदीच्या जाळीसारखं, हात घालवत नाही.

मैत्रिणीच्या मॅकवर क्यूसॉर्ट-आर हे क्रम लावणारं फंक्शन अडलं. नाव तेच, पण मॅकवर शेवटच्या दोन आर्ग्युमेंटांचा क्रम उलटा. ग्लिबसीचा क्रम २०२४च्या पॉसिक्स या प्रमाणाने उचललाय, मॅक जुन्यालाच धरून. मुळात इथे त्या जादा आर्ग्युमेंटची गरजच नव्हती. साधा क्यूसॉर्ट लावून मोकळा झालो.

विंडोज राहिलं. तिथे लाँग हा पूर्णांक ६४ बिटांच्या मशीनवरही ३२ बिटांचाच, आणि मूळ लेखक पठ्ठ्याने १९७० पासूनचे सेकंद लाँगमध्ये भरलेत. जानेवारी २०३८ नंतरची भरती तिथे निघायची नाही. ते पुनवेचं उधाण ओसरल्यावर बघू, तोवर बाबांना पायवरचा तक्ता पुरे.