गॅमाचे शेपूट आणि घनमूळ

गॅमा वितरणाचा (ठरावीक संख्येइतक्या घटना घडेपर्यंत लागणाऱ्या वेळासारख्या राशींचे वितरण) आकार-प्राचल, म्हणजे त्या घटनांची संख्या, मोठा असला की त्याच्या जागी नॉर्मल वितरण वापरावे, असे आम्ही नाशिकच्या वर्गांत शिकवतो. पण ‘मोठा’ म्हणजे किती, हे बहुधा सांगत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर सरासरी मिनिटाला एक या वेगाने, परस्परांशी संबंध न ठेवता येतात असे मानू. (लिलावाआधीच्या झुंबडीत हा वेग स्थिर राहत नाही, हे नाशिककरांना सांगायला नको; गणितापुरते ते बाजूला ठेवू.) मग चौथा ट्रॅक्टर येईपर्यंत लागणारा वेळ ही चार स्वतंत्र घातांकी चलांची (लागोपाठच्या ट्रॅक्टरांमधील प्रतीक्षाकाळांची) बेरीज, म्हणजेच आकार-प्राचल ४ असलेले गॅमा चल ठरते. त्याचे माध्य (सरासरी) ४ मिनिटे आणि प्रमाण विचलन, म्हणजे माध्याभोवतीच्या पसरटपणाचे माप, २ मिनिटे.

त्यासाठी ८ मिनिटांहून अधिक वेळ लागण्याची संभाव्यता किती? ८ हे माध्यापासून नेमके दोन प्रमाण विचलने दूर असल्याने नॉर्मल तक्ता ०.०२२८ सांगतो. अचूक उत्तर हातानेही निघते, कारण ही घटना आणि ८ मिनिटांत जास्तीत जास्त तीनच ट्रॅक्टर येण्याची घटना एकच आहे. ठरावीक वेळात किती घटना घडतील हे सांगणाऱ्या पॉइसाँ वितरणाने ती संभाव्यता ०.०४२४ येते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. शिवाय तोच नॉर्मल वक्र वेळ ऋण असण्यालाही ०.०२२८ बहाल करतो!

याचे कारण विषमता, म्हणजे वितरण एका बाजूला जास्त लांबलेले असणे. गॅमाची विषमता २ भागिले आकार-प्राचलाचे वर्गमूळ इतकी असल्याने ती फार सावकाश ओसरते. प्राचल १०० झाला तरी ०.२ शिल्लक असते आणि दोन प्रमाण विचलनांपलीकडील उजव्या शेपटीत (माध्यापासून दूरच्या टोकाकडील भागात) ०.०२२८ नव्हे, तर सुमारे ०.०२८ संभाव्यता असते. माध्याच्या आसपास मात्र नॉर्मलवर विसंबायला हरकत नाही.

शेपटीसाठी मला संशोधक विल्सन आणि हिल्फर्टी यांची १९३१ सालची युक्ती सर्वांत आवडते. ती त्यांनी काय-वर्ग वितरणासाठी (प्रमाणित नॉर्मल चलांच्या वर्गांच्या बेरजेच्या वितरणासाठी) मांडली. पण काय-वर्ग हे गॅमाचेच एक रूप. चलाला माध्याने भागून घनमूळ घ्यावे. ते नॉर्मलच्या फार जवळ जाते, त्याचे प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) १ भागिले आकार-प्राचलाची नऊपट आणि माध्य १ वजा तीच संख्या. आपल्या उदाहरणात ८ भागिले ४, म्हणजे २ चे घनमूळ १.२५९९, माध्य ०.९७२२, प्रमाण विचलन १/६. प्रमाणित मूल्य (माध्यापासूनचे अंतर भागिले प्रमाण विचलन) १.७२६ आणि संभाव्यता ०.०४२२. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांची वर्गमुळाची पद्धत याच प्रश्नाला ०.०३७ देते.