दुसऱ्या डेटा सेंटरमधील प्रत

पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पुण्यातील एका कंपनीत मी डेटाबेसचे काम पाहतो. गेल्या वर्षी आमचा पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस स्वतःच्या सर्व्हरवरून मॅनेज्ड सेवेवर, म्हणजे देखभाल विक्रेताच करतो अशा भाड्याच्या सेवेवर, न्यायचे ठरले, तेव्हा तीन सेवांच्या तुलनेचा तक्ता मीच केला होता, आणि भाडे जवळजवळ दुप्पट पडत असूनही दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये तंतोतंत प्रत ठेवणारा पर्याय घ्यावा, हा आग्रहही माझाच होता.

मार्चअखेरीच्या धावपळीत एका सहकाऱ्याकडून एका शाखेचा व्याजदर दुरुस्त करताना अपडेटच्या आदेशातली ‘व्हेअर’ची, म्हणजे कोणत्या नोंदी बदलायच्या ते सांगणारी, अट राहून गेली आणि सगळ्या ठेवींचा दर एकच झाला. त्याला मी दोष देत नाही. चालू डेटाबेसवर हाताने दुरुस्ती करू देणारी आमची पद्धतच चुकीची आहे. दहा मिनिटांत चूक लक्षात आली. व्यवस्थापकांनी लगेच विचारले, “दुसरी प्रत आहे ना?” प्रत होती, पण तिकडेही नोंद लिहिली गेल्याशिवाय कमिट (बदल कायम होणे) पुरा होत नाही, त्यामुळे चूकही त्याच क्षणी तिथे पोचली होती. सर्व्हर बंद पडला तर ती प्रत मिनिटा-दोन मिनिटांत काम हाती घेते, एवढ्यासाठीच ती असते.

उरला तो ठरावीक मिनिटापर्यंतचा रिस्टोअर, म्हणजे बॅकअपवरून त्या मिनिटाला होता तसा डेटा परत उभा करणे. तो चालू डेटाबेसवर होत नाही. रात्रीच्या स्नॅपशॉटवर (त्या वेळच्या पूर्ण प्रतीवर) वॉल फायली, म्हणजे नंतरच्या प्रत्येक बदलाच्या नोंदी, चढवून नव्या पत्त्यावर वेगळाच डेटाबेस उभा राहतो. तो ‘उपलब्ध’ दिसू लागला, तरी डिस्कचे ब्लॉक मागणीनुसार दूरच्या ऑब्जेक्ट स्टोअरेजमधून (बॅकअप ठेवलेल्या साठ्यातून) येत असल्याने एरवी काही सेकंदांत संपणारी क्वेरी वीस मिनिटे चालली. जुने दर काढून, मधल्या वेळेत उघडलेली खाती वगळून ते परत भरेपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजले.

आमच्या जुन्या सर्व्हरला मुद्दाम एक तास मागे चालणारी प्रत जोडलेली होती. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ही सोय 2014 च्या 9.4 आवृत्तीपासून आहे, आणि त्या दुपारी नेमकी तीच उपयोगी पडली असती. आम्ही घेतलेल्या सेवेत ती मिळत नव्हती, आणि माझ्या तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता. रिस्टोअरला लागणाऱ्या वेळेसाठीही नव्हता, विक्रेत्यांनी 99.95 टक्के अपटाइम (सेवा चालू राहण्याचे प्रमाण) ठळक छापलेला, तोच मी उतरवून घेतला होता.

आता तिन्ही सेवांवर आमच्याच डेटाचा रिस्टोअर घड्याळ लावून करून पाहण्याची परवानगी मी मागितली आहे. त्यासाठीच्या दोन दिवसांच्या भाड्याला अजून मंजुरी मिळालेली नाही.