नाशिकच्या गच्चीवरून ओमेगा सेंटॉरी

शहरातून आकाशगंगा दिसत नाही म्हणून दुर्बीण माळ्यावर टाकणाऱ्यांना मी गोलाकार तारकागुच्छांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या दाट गोळ्यांच्या, नादी लावतो. तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायूच्या ढगाचा, पसरट, विरळ उजेड शहराच्या झगमगाटात बुडतो. गुच्छातले तारे मात्र बिंदूच. उजळलेल्या आकाशातही ते तग धरतात.

माझी गच्ची इंदिरानगरला, दक्षिण बऱ्यापैकी मोकळी. म्हणून पहिला मान ओमेगा सेंटॉरी या गुच्छाचा. सुमारे 17,000 प्रकाशवर्षांवर एक कोटीच्या आसपास तारे! नाशिक 20 अक्षांशावर असल्याने तो इथे क्षितिजापासून 22 अंशांपर्यंत चढतो. चित्रा बरोबर दक्षिणेला आली की तिच्या सरळ खाली पाहायचं. मेच्या मध्यात ही वेळ रात्री साडेदहाची.

खरा वेळ खाल्ला तो माउंट, म्हणजे ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारी बैठक, ध्रुवाशी जुळवण्याने. ध्रुवताराही 20 अंशांवरच, आणि माझ्या उत्तरेला शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. मग ड्रिफ्टची, म्हणजे ताऱ्याचं सरकणं पाहून बैठक जुळवायची पद्धत धरली. दक्षिणेचा, आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा तारा आयपीसमधल्या (डोळा लावायच्या भिंगातल्या) रेघेवर ठेवायचा, तो वर सरकतो की खाली ते पाहायचं आणि अझिमथचा (बैठक डावी-उजवीकडे वळवणारा) स्क्रू केसभर फिरवायचा. पूर्वेच्या ताऱ्यावर हेच उंचीसाठी. तारा रेघेवर चिकटून राहेपर्यंत घाई करायची नाही.

80 मिमीची दुर्बीण, मागे डीएसएलआर, एक्स्पोजर 15 सेकंद. याहून लांबवलं की पार्श्वभूमी पांढुरकी होते आणि गुच्छाचा गाभा जळतो, म्हणजे नुसता पांढरा होतो. त्यापेक्षा फ्रेम, म्हणजे सुटे फोटो, वाढवावेत; चौपट केले की एकत्र केलेल्या फोटोतला नॉइज (दाणेदारपणा) निम्मा होतो. तेजोमेघांसाठीचा, मोजकेच रंग आत सोडणारा नॅरोबँड फिल्टर इथे घेऊ नका. तारे सगळ्या रंगांत चमकतात, फिल्टर त्यांचाच प्रकाश कापतो. एलईडी दिव्यांचा उजेडही सगळ्या रंगांत पसरलेला, त्यामुळे साध्या लाइट पोल्यूशन फिल्टरचाही फारसा उपयोग नाही. मेमध्ये गच्चीची फरशी रात्री उशिरापर्यंत तापलेली असते, सेन्सरही गरम राहतो. म्हणून डार्क फ्रेम, म्हणजे सेन्सरचा नॉइज वजा करायला झाकण लावून काढलेले फोटो, त्याच रात्री घ्यायच्या.

सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्रेम स्टॅक (एकत्र) करून क्षितिजाकडचा पिवळट उजेड आधी काढला, मग स्ट्रेच, म्हणजे अंधुक भाग उजळणं, अगदी हलक्या हाताने. कडेचे तारे रव्यासारखे सुटे झाले, त्यात मधूनच नारिंगी राक्षसी तारे. ते पाहिल्यावर मी आईला झोपेतून उठवून दाखवलं.

पावसाळा संपला की एम 15 हा दुसरा गोलाकार गुच्छ धरा. ऑक्टोबरात तो संध्याकाळनंतर जवळजवळ डोक्यावर येतो, हवाही धुतलेली असते. गाभा फारच दाट आहे, त्यामुळे तिथे 15 सेकंदही जास्त वाटले तर पाचच ठेवा.